अंगणवाडीतला सकाळचा गोल पाच मिनिटांत मोडतो, काय करू?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. मी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. नोकरीचं हे चौथं वर्ष. पटावर २६ मुलं, रोज येणारी १८ ते २२. तीन ते सहा वर्षांची सगळी एकाच खोलीत.

सकाळी मुलं आली की मी त्यांना सतरंजीवर गोलात बसवते. प्रार्थना, हजेरी, मग वार आणि महिने, मग एखादं गाणं, मग गप्पा. प्रार्थनेपर्यंत सगळं छान असतं. हजेरी निम्मी होते तोवर लहानगी आडवी पडतात, मोठी एकमेकांना ढकलायला लागतात, आणि दाराजवळचे दोघं-तिघं बाहेर शेळ्या बघायला पळतात. गप्पांची पाळी येते तेव्हा गोल उरलेलाच नसतो. "काल काय केलं?" असं विचारलं की रोजची तीच चार मुलं बोलतात.

आमच्याकडे घरोघरी अहिराणी बोलतात. काही मुलं भिल्ल वस्तीवरची आहेत, त्यांची बोली आणखी वेगळी. एक मुलगी जूनपासून येते आहे, साडेतीन वर्षांची. गोलात अजून तिच्या तोंडून एक अक्षर आलेलं नाही. रोज येते, कोपरा धरून बसते, सगळ्यांकडे बघत राहते. मला तिची फार काळजी वाटते.

मोबाईलवर शोधलं तर शहरातल्या शाळांचे रंगीत तक्ते, कापडी बाहुल्या, मोठे पडदे दिसतात. माझ्याकडे एक सतरंजी, एक फळा, आणि मदत करणारी मदतनीस ताई आहे. यातून काय करता येईल? ज्यांनी खरोखर लहान मुलांना गोलात बसवलं आहे त्यांनी सांगा, अशी विनंती.

दोन मुलांचा बाबा
ताई, मी शिक्षक नाही, पण एक विचारतो. हे सगळं मिळून किती वेळ चालतं? आणि मुलं घरून काही खाऊन आलेली असतात का? माझा धाकटा उपाशीपोटी दोन मिनिटंही एका जागी बसत नाही.

पांझराकाठ
दादा, पाऊण तास धरलेला असतो. खाण्याचं तुम्ही बरोबर विचारलंत. शेतीच्या दिवसांत आई-बाप पहाटेच निघतात, बरीच मुलं नुसता चहा पिऊन येतात. आमच्याकडे सकाळचा नाश्ता गोलानंतर देतो.

बकुळा
पाऊण तास! बाई गं, पाऊण तास तर मोठी माणसंसुद्धा कीर्तनात चुळबुळ करतात.

मी ३१ वर्षं बालवाडी चालवली, त्यातली बरीचशी डहाणू-तलासरीकडे. आता निवृत्त आहे. तुमचं लिहिणं वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उद्या एक करून बघा. मदतनीस ताईंना घड्याळ घेऊन बसवा आणि गोलात तुम्ही किती मिनिटं बोलता, मुलं किती मिनिटं बोलतात, हे टिपायला सांगा. मी केलं तेव्हा माझी २२ मिनिटं निघाली होती आणि सगळ्या मुलांची मिळून ३. प्रार्थना मी सांगायची, हजेरी मी घ्यायची, वार मी म्हणायचे. मुलांना करण्यासारखं काय होतं? नुसतं बसणं. त्या वयाला नुसतं बसणं हेच सगळ्यांत अवघड काम आहे.

नाश्ता आधी द्या. शक्य असेल तर उद्यापासूनच.

गोल १२ ते १५ मिनिटांचा करा. मुलं रंगली असतील तर वाढवा, पण घड्याळाकडे बघून ओढू नका.

आता हजेरी. नदीकाठी राहता ना, मग मुलांना घेऊन जा आणि प्रत्येकाला एक गुळगुळीत गोटा निवडू द्या. तळहातात मावेल एवढा. त्यावर तैलरंगाने एकेक चित्र काढा, पण कुणाचं चित्र काय हे मुलानेच ठरवायचं. कुणाला मासा, कुणाला बैल, कुणाला भाकरी. रोज सकाळी आल्या आल्या मुलाने टोपलीतून आपला गोटा शोधायचा आणि गोलाच्या मध्ये ताटात ठेवायचा. टोपलीत राहिले ते आज न आलेले. ते बघून मुलंच सांगतात, "आज बैलवाला नाही आला, त्याला ताप आहे." ही हजेरीही आहे आणि गप्पाही. तुमची मोबाईलवरची पोषण ट्रॅकरची नोंद त्यावरून नंतर दोन मिनिटांत होईल.

मग मोजणी. ताटातले गोटे सगळ्यांनी मिळून एकेक बोट लावून मोजायचे आणि एका मुलाने जाऊन तो आकडा मदतनीस ताईंना सांगायचा: "आज एकोणीस ताटल्या." खिचडीच्या ताटल्या त्याच आकड्याने मांडायच्या, एकही जास्त नाही. चुकून अठरा सांगितलं तर एकाला ताटली कमी पडते आणि मग पुन्हा मोजायला सगळे धावतात. माझ्या मुलांना मोजणी कशासाठी करतात हे कुणी शिकवावं लागलं नाही.

साधनांची काळजी तर मुळीच करू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. आज तुमच्या दारावर पाटी आहे ना, तो 'अंगणवाडी' शब्द त्या अंगणातला आहे. पानं, बिया, खडे, शिंपले यांवर तिथलं शिक्षण उभं राहिलं. मी कोसबाडला प्रशिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला आधी परिसरातून साहित्य गोळा करून आणायला लावायचे, वही-पेन नंतर.

त्या मुक्या मुलीबद्दल मला काही वाटतं, पण इथे त्या विषयातलं कुणी असेल तर त्यांना आधी बोलू दे.

पांझराकाठ
बकुळाताई, तुमचे आभार कसे मानू? गोट्यांचं वाचून मी रात्रीच मदतनीस ताईंना फोन केला.

एक अडचण आहे. पर्यवेक्षिका भेट द्यायला आल्या की मुलांना वार आणि बारा महिने म्हणायला लावतात. मुलांनी घडाघडा म्हटले की "छान चाललंय" असा शेरा मिळतो. ते सोडून दिलं तर?

निळी छत्री
मी पुण्यात मॉंटेसरी पद्धतीच्या बालघरात १४ वर्षं आहे. वार-महिन्यांबद्दल लिहिते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

तीन वर्षांच्या मुलाला 'मंगळवार' म्हणजे काय ते कळत नाही. त्याला 'आज', 'आत्ता', 'झोपून उठल्यावर' कळतं. काल आणि उद्या यांची गल्लत ते पाचव्या वर्षापर्यंत करत राहतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. वार पाठ म्हणणं हे त्याच्यासाठी एक गाणं आहे. गाणं म्हणून म्हणू द्या, त्याने वेळ समजते असं मात्र मानू नका.

वेळ हाताला लागली पाहिजे. आम्ही खिडकीत दोरी बांधतो आणि रोज सकाळी एक मूल त्यात एक मणी ओवतं. सात मण्यांनंतर एक मोठा लाकडी मणी. तुम्ही जाड सुतळी आणि वाळलेल्या भेंडीच्या चकत्या किंवा बांगड्या घेऊ शकता. दिवाळीपर्यंत ती माळ दारापर्यंत पोचते. "इथं पोळा होता, इथं गणपती आले" असं मुलं बोट ठेवून सांगतात. भेट द्यायला येणाऱ्यांना ती माळ दाखवा आणि मुलांनाच बोलू द्या.

हवामानाचंही तसंच. तक्त्यावर सूर्याचं चित्र चिकटवण्यापेक्षा एका मुलाला बाहेर पाठवा. त्याने अंगणात जाऊन वर बघायचं, जमिनीला हात लावायचा, परत येऊन सांगायचं. पावसाळ्यात एक सरळ उभी बाटली बाहेर ठेवा आणि रोज सकाळी पाण्याच्या उंचीवर दोरा बांधा.

आणखी एक, शांततेचा खेळ. मारिया मॉंटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, त्या काळापासूनचा हा खेळ आहे. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि अनेक वर्षं इथे राहिल्या, त्यामुळे आपल्याकडेही तो फार जुना. सगळ्यांनी डोळे मिटून अगदी चूप बसायचं. बाईंनी दाराबाहेर किंवा मुलांच्या मागे जाऊन एकेकाचं नाव नुसतं कुजबुजायचं. ज्याला आपलं नाव ऐकू येईल त्याने पावलं न वाजवता उठून तिकडे जायचं. सुरुवातीला अर्धं मिनिटच जमतं. पण ज्या मुलांना "गप्प बसा" सांगून घसा बसतो, ती मुलं आपलं नाव ऐकायला श्वास रोखून बसतात. शिक्षा म्हणून मात्र हा खेळ कधीही घेऊ नका, नाहीतर तो कायमचा मरतो.

थुरिंगियातून
मी मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीत थुरिंगियामध्ये राहते. माझा मुलगा इथल्या बालवाडीत जातो. बालोद्यान म्हणजे किंडरगार्टन ही कल्पना याच प्रांतातली. फ्रीड्रिश फ्रोबेलने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला हे नाव दिलं. गोलात उभं राहून खेळायचे खेळ त्याच्या पद्धतीत पहिल्यापासून होते. आजही इथे सकाळच्या गोलाला 'मॉर्गेनक्राइस' म्हणतात, सकाळचं वर्तुळ.

मी लिहितेय ते मात्र भाषेसाठी. माझा मुलगा तिथे गेला तेव्हा त्याला जर्मन अजिबात येत नव्हतं. घरी आम्ही फक्त मराठी बोलतो. पहिले तीन महिने तो गोलात काहीच बोलला नाही, अगदी तुमच्या त्या मुलीसारखा. मग त्याच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी सकाळी मुलाला उठवताना काय म्हणता?" मी सांगितलं, "उठा महाराज." त्यांनी तो उच्चार माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गोलात त्याच्याकडे बघून तो म्हटला. मुलगा इतका हसला की त्याला थांबवता येईना. त्यानंतर त्या वर्गातली सगळी मुलं रोज वेगवेगळ्या भाषांत सकाळ करायला लागली: अरबी, युक्रेनियन, तुर्की, आणि आमचं "उठा महाराज". सगळीकडे असं होत असेल असं मी म्हणत नाही, पण आमच्या बाईंनी केलं आणि त्याचं तोंड उघडलं.

तुमच्याकडे तर अहिराणी तुम्हाला येतच असेल ना?

पांझराकाठ
येते की! माझी स्वतःचीच भाषा आहे. पण आम्हाला कायम वाटतं की अंगणवाडीत शुद्ध मराठी बोलावं, म्हणजे मुलं पहिलीत मागे पडणार नाहीत. तुमचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले. मी त्या मुलीला रोज "तुझं नाव काय आहे?" असं विचारते. "तुनं नाव काय शे?" असं एकदाही विचारलेलं नाही.

कानगोष्ट
मी वाचा आणि श्रवण उपचार करते. त्या मुलीबद्दल लिहिते.

आधी हे बघा की ती अंगणवाडीबाहेर बोलते का. गृहभेटीला जाल तेव्हा आईला विचारा: घरी बोलते का, किती शब्दांचं वाक्य करते, मागून हाक मारली तर वळते का, कान वाहतो का, सारखी सर्दी असते का. लहान मुलांत कान वाहून ऐकू कमी येणं खूप आढळतं, आणि गोलात बसलेलं असं मूल 'लाजाळू' म्हणून सुटून जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना तिचे कान आवर्जून तपासायला सांगा, पथकाची वाट बघण्याइतका वेळ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

घरी घडाघडा बोलत असेल आणि कान ठीक असतील, तर ती बहुधा ऐकून साठवते आहे. घरच्या भाषेतून एकदम दुसऱ्या भाषेत आलेली मुलं काही आठवडे, कधी काही महिनेही, अशी मूक राहतात. त्या काळात तीन गोष्टी पाळा.

"बोल ना, बोल ना" करू नका आणि बाकीच्या मुलांनाही करू देऊ नका. ती बोलली तर टाळ्या वाजवू नका. एवढ्या नजरा एकदम वळल्या की मूल पुन्हा मिटतं.

तिला शब्दांशिवाय गोलात भाग घेता येईल असं काम द्या. गोट्यांचं ताट फिरवणं, मणी ओवणं, बोटाने चित्र दाखवणं.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. आपण मोठी माणसं एक-दोन सेकंदांत दुसऱ्या मुलाकडे वळतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. हे फार जड जातं, पण करा. हे सगळ्याच मुलांना लागू आहे, फक्त तिलाच नाही.

झाडवाट
मी मराठवाड्यात सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. मिश्र वयाच्या गोलाबद्दल सांगते, कारण ताईंची खरी कोंडी तिथे आहे. तीन वर्षांचं मूल आणि पावणेसहा वर्षांचं मूल यांना एकच गोष्ट तेवढाच वेळ धरून ठेवत नाही. म्हणून पहिली ७-८ मिनिटं सगळ्यांचा एक गोल करा: गोटे, मोजणी, एक अंग हलवायचा खेळ. मग लहानग्यांना मदतनीस ताईंबरोबर वाळूकडे किंवा ठोकळ्यांकडे सोडा आणि मोठ्या आठ-दहा जणांचा छोटा गोल करून गप्पा घ्या. आठ जणांत प्रत्येकाची पाळी येते. वीस जणांत शेवटच्याची पाळी येईपर्यंत पहिला काय बोलला हे कुणालाच आठवत नाही.

सतरंजीवर गोल टिकत नाही, कारण मुलांना कडा दिसत नाही. जमिनीवर गेरूने किंवा चुन्याने वर्तुळ आखा आणि त्यावर बसायला बारदानाचे चौकोनी तुकडे ठेवा. ढकलाढकली निम्मी कमी होते. दाराकडे तोंड करून स्वतः बसा, मुलांची पाठ दाराकडे. शेळ्या दिसल्या नाहीत की पळणंही कमी.

खेळांपैकी मला सगळ्यांत उपयोगी वाटणारा म्हणजे नावाच्या टाळ्या. प्रत्येकाचं नाव तोडून टाळ्या वाजवायच्या: सा-वि-त्री, तीन टाळ्या. रा-जू, दोन. कुणाच्या नावात जास्त टाळ्या? पुढे वस्तूंची नावं घ्या: भा-क-री, कु-ऱ्हा-ड. शब्द हा आवाजांच्या तुकड्यांचा बनतो हे कान शिकतात, आणि पुढे अक्षर ओळखताना त्याचा पाया लागतो. हे कुठल्याही बोलीत करता येतं. मग रुमालाचा खेळ: ताटात पाच वस्तू, सगळ्यांनी बघायच्या, रुमाल टाकायचा, एक हळूच काढायची, काय गेलं ते ओळखायचं. वासाच्या पुरचुंड्या: कोथिंबीर, लसूण, लिंबाचं साल, ओली माती. पाठीमागे वाजवलेला आवाज ओळखणे: वाटी-चमचा, चिंचोक्यांचा डबा, किल्ल्या. एका दिवशी एकच घ्या. चार खेळ एकाच सकाळी कोंबले तर मुलं दमतात आणि तुमच्याकडे पुढच्या आठवड्याला काही उरत नाही.

गोल उठवण्याची युक्ती: "चला हात धुवायला" म्हटलं की झुंबड उडते. त्याऐवजी, "ज्यांच्या अंगावर लाल रंग आहे ते उठा," मग "ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत ते उठा." चार-चार जण उठतात, नळावर गर्दी होत नाही.

बोलीभाषेबद्दल वरिष्ठांनी विचारलं तर सांगा की पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला आहे, आणि त्यात या वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर स्पष्ट भर आहे. तुम्ही नियम मोडत नाही आहात.

सांजवात
मी थोडं वेगळं मत मांडते. मी पहिलीची शिक्षिका आहे. अंगणवाडीतून येणाऱ्या मुलांना रांगेत उभं राहणं, प्रार्थना म्हणणं, अर्धा तास बसणं येत नसेल तर पहिल्या दोन महिन्यांत आमचे आणि मुलांचे फार हाल होतात. वर्गात ४० मुलं असतात. थोडी शिस्त आणि पाठांतर या वयातच लागलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं. मुलांच्या भल्यासाठीच म्हणते आहे.

बकुळा
सांजवात, तुमची अडचण खरी आहे. माझी मुलं पुढे ज्या शाळेत जायची तिथल्या गुरुजींनीही मला हेच ऐकवलं होतं. प्रार्थना काढून टाका असं मी म्हणणार नाही. एक मिनिटाची प्रार्थना, हात जोडून, डोळे मिटून, ही छान सुरुवात आहे, मुलांना ती आवडते.

पण बसण्याबद्दल माझा अनुभव सांगते. ज्या वर्षी मी गोल पाऊण तासावरून पंधरा मिनिटांवर आणला आणि उरलेला वेळ मातीत, पाण्यात, चढण्या-उतरण्यात घालवला, त्या वर्षीची मुलं पहिलीत जास्त वेळ बसली. गुरुजी स्वतः विचारायला आले होते. पाठीचे, पोटाचे स्नायू घट्ट झाल्याशिवाय मूल ताठ बसू शकत नाही, आणि ते घट्ट होतात पळून, लोंबकळून, उकिडवं बसून. आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकायचं, ही शिस्त गोलात रोज घडते. तुमच्या ४० जणांच्या वर्गात हीच लागते ना?

सांजवात
पाळीबद्दलचं पटलं. आमच्याकडे तेच सगळ्यांत कमी असतं.

पांझराकाठ
दीड महिन्याने लिहिते आहे. पाऊस चांगला झाला, पेरण्या झाल्या, त्यामुळे मुलंही नियमित येत आहेत.

नाश्ता आधी दिला. पहिल्याच दिवशी फरक दिसला, आणि इतकी वर्षं हे सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

पांझरेच्या काठी सगळ्यांना घेऊन गेले, दोन आया सोबत आल्या. गोटे निवडायला मुलांनी तासभर घेतला. एका मुलाने तीन वेळा बदलला. चित्रांत मासे चार झाले, मग माशांना वेगवेगळे रंग दिले. पहिल्या आठवड्यात दोन गोटे एकमेकांना मारले गेले, एकाच्या कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हापासून नियम केला की गोटा हातात असताना उभं राहायचं नाही. तो नियम मुलांनीच सुचवला.

ताटल्यांचा आकडा सांगायला जायचं काम तर इतकं मानाचं झालं आहे की पाळी लावावी लागली. एकदा आकडा चुकला आणि ज्याला ताटली मिळाली नाही तो स्वतः उठून पुन्हा मोजायला बसला, खिचडी गरम असूनही.

सुतळीत भेंडीच्या चकत्या ओवतो आहोत. गेरूचा गोल आखला. बारदानाचे तुकडे आयांनी शिवून दिले.

आता ती मुलगी. आईकडे गेले. घरी ती सारखी बोलते, शेळ्यांशीसुद्धा बोलते. कान तपासले, ठीक आहेत. मग मी गोलात अहिराणी सुरू केली. पहिले दोन दिवस मलाच संकोच वाटला. तिला रोज गोट्यांचं ताट धरायला दिलं. तिच्याकडे बघून बोलायचं बंद केलं, फक्त तिच्याशेजारी बसायचं. सतरा दिवस गेले. परवा मी सगळ्यांना विचारलं, "घर काय नवीन शे?" आणि मनात दहा मोजत होते. सातवर आले आणि ती ताटाकडे बघत म्हणाली, "आमनी बकरीले पिल्लू हुयनं."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मदतनीस ताई मात्र आत जाऊन डोळे पुसून आल्या. मग एका मुलाने विचारलं, पिल्लू कोणत्या रंगाचं, आणि तिने त्यालाही उत्तर दिलं.

कानगोष्ट
सातव्या आकड्यावर! ताई, हे वाचून माझा दिवस सुंदर झाला. ते पिल्लू बघायला सगळा गोल तिच्या अंगणात नेता येईल का?

पांझराकाठ
उद्याच जाणार आहोत. तिच्या आईला निरोप दिला आहे.

माळावरची
मी बीड जिल्ह्यात सेविका आहे. हा सगळा धागा आज वाचला आणि आमच्या मासिक बैठकीत वाचूनही दाखवला.

एक गोष्ट घालते. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास निम्मी मुलं आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. मागे राहणारी आजीजवळ असतात. तुमच्या साक्रीच्या पश्चिमेकडूनही गुजरातकडे ऊसतोडीला टोळ्या जातात हे मला माहीत आहे. त्या दिवसांत गोलात "दिवाळीला नवीन कपडे काय घेतले?", "आई-बाबांबरोबर कुठे गेलात?" असे प्रश्न मी एका वर्षी विचारले आणि एक मुलगा रडतच उठून गेला. तेव्हापासून मी सगळ्यांकडे असेल असंच विचारते. वाटेत काय दिसलं, कुठला पक्षी ऐकला, पायाला काय टोचलं. सगळ्यांच्या वाट्याला वाट असते.

आणि गेलेल्या मुलांचे गोटे कपाटात टाकू नका. आम्ही चिंचोके वापरतो. आमच्याकडे तीन वाट्या आहेत: आलेले, आज न आलेले, आणि गावाला गेलेले. तिसरी वाटी रोज गोलात ठेवतो. आठवड्यातून एकदा त्यातला एकेक उचलून त्या मुलाबद्दल काय आठवतं ते सांगायचं.

निळी छत्री
माळावरची, ही तिसरी वाटी मी पुण्यातही सुरू करते आहे. आमच्याकडे मुलं बदलीमुळे जातात. एक दिवस मूल येणं थांबतं आणि बाकीच्यांना आपण काही सांगतच नाही.

पांझराकाठ
मार्च संपत आला. होळीला टोळ्या परतल्या.

दिवाळीनंतर आमची सात मुलं गेली होती. तिसरी टोपली केली, तिच्यात सात गोटे. आठवड्यातून एकदा मुलं ते हातात घेऊन सांगायची: हा झाडावर चढतो, हिला गूळ आवडतो. शेळीवाली मुलगी आता मोठ्यांच्या छोट्या गोलात बसते आणि कधीकधी तिला थांबवावं लागतं. तिने माशाच्या गोट्याबद्दल दर वेळी एकच सांगितलं, की तो माझ्याशेजारी बसायचा.

सोमवारी तो माशावाला मुलगा आला. चार महिने फडावर राहून आला होता, केस वाढलेले, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे. दारातच थांबला, आत यायला तयार नव्हता. गोल सुरू झालेला. शेळीवाली उठली, तिसऱ्या टोपलीतून हिरवा मासा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून बघितला, मग येऊन ताटात ठेवला.

त्या दिवशी ताटल्यांचा आकडा सांगायला तोच गेला. तेवीस.